बोरझिरीचा खाज्या आणि धरणाच्या पोटातली माती

एकतीस वर्षं मी धरणं-कालव्यांच्या सरकारी कचेऱ्यांतून कारकुनी केली. एवढ्या काळात धरण म्हणजे काय हे कळणारा एकच माणूस मला भेटला, आणि त्याला सही करता येत नव्हती. सही करता येणारे पुष्कळ भेटले. त्यांच्याबद्दल मला काय वाटतं ते मी लपवणार नाही. त्यांच्यात मीही येतो.

त्याचं नाव खाज्या. पिंपळनेरच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला बोरझिरी नावाचा तलाव आहे, त्याचा तो चौकीदार. इंग्रजांच्या राज्यात दुष्काळ पडला तेव्हा लोकांना काम द्यायचं म्हणून तिथे हा बांध घातला. सिमेंट नाही, लोखंड नाही, नुसती माती. बायामाणसांनी डोक्यावरून पाट्या वाहिल्या, बैल फिरवून माती तुडवली, पाण्याच्या अंगाला दगड रचले. बांधाच्या बुडातून एक दगडी मोरी काढली, तिच्यातून कालव्याला पाणी सोडायचं. एका टोकाला सांडवा, भरल्यावर जास्तीचं पाणी त्यावरून जायचं. उंची पंचावन्न फूट, लांबी अर्धा मैल. १९८३ साली मी जळगावच्या पिंप्राळ्यातून तालुक्याच्या कचेरीत बदलून गेलो, तेव्हा त्या बांधाने ऐंशी पावसाळे काढले होते. बांधाच्या खाली खाज्याचा भिल्लांचा पाडा, चाळीस घरं. त्याच्या खाली नदीकाठाने तीन गावं.

खाज्या तेव्हा पन्नाशीचा असेल. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा, पण कचेरीत शिपायापासून साहेबापर्यंत सगळे त्याला अरे-तुरे करत, मीही. काटक, काळा, एका डोळ्यात फूल पडलेलं. तो आमच्याशी फारसं बोलत नसे. आम्ही बोलायला लागलो की आमच्या बुटांकडे बघत राही. मला ते लाजणं वाटायचं. पुष्कळ वर्षांनी कळलं की बूट घालून धरणावर फिरणाऱ्या माणसाला तो मूर्ख समजत असे.

तो स्वतः रोज सकाळी अनवाणी बांध चालायचा. आधी माथ्यावरून, मग उतारावरून, मग पायथ्याने. कुठे ओल वाढली ते तळव्याला कळतं म्हणायचा. साळिंदराने बीळ केलं असेल तर त्यात काठी घालून बघायचा, माती-दगड ठासून बुजवायचा. उतारावर बाभळीचं रोप दिसलं की उपटायचा, कारण झाड मेलं की मुळं कुजतात आणि मुळांच्या जागी पोकळ नळ्या राहतात. हे त्याला एका म्हाताऱ्या मुकादमाने शिकवलं होतं. आमच्या साहेबांना हे कॉलेजात शिकवलं होतं. फरक एवढाच की साहेब परीक्षेनंतर विसरले.

साहेबांचं नाव टेंभेकर. उपअभियंता. पोट सुटलेला, केसांना तेल चोपडलेला, बोलायला गोड माणूस. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा धरणाची तपासणी करायची असा नियम होता. जीप बांधाच्या माथ्यावर थांबायची. साहेब खाली उतरून, कमरेवर हात ठेवून पाण्याकडे बघायचे, "छान वारा आहे," म्हणायचे आणि पुन्हा जीपमध्ये बसायचे. तिथून जीप सरळ सरपंच रुपचंद आबांच्या दारात. तिथे वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, वर ठेचा. साहेब जेवायचे आणि मी ओट्यावर बसून तपासणीचा फॉर्म भरायचो. भरावाला तडे: नाहीत. बिळे: नाहीत. पाझर: नगण्य, स्वच्छ. एकूण स्थिती: समाधानकारक. साहेब हात धुऊन, ओला हात झटकत सही करायचे. सहा वर्षं मी ते शब्द लिहिले, आणि सहा वर्षांत बांधाच्या पायथ्याला एकदाही उतरलो नाही.

पाझर नगण्य नव्हता. मोरीच्या डाव्या अंगाला, पायथ्याशी एक झरा बारमाही वाहत होता, आणि त्या झऱ्यावर रुपचंद आबांचा दोन एकर ऊस उभा होता. जमीन सरकारी, पाणी सरकारी, ऊस आबांचा. भर मे महिन्यातसुद्धा तो ऊस हिरवागार. आबा आल्यागेल्याला सांगत, "हाऊ झिरा म्हंजे देवनी किरपा शे." धरण गळतंय आणि गावचा सरपंच त्या गळतीला नारळ फोडतोय! ऊस काढायला ट्रॅक्टर नेता यावा म्हणून त्यांनी बांधाचा उतार एका जागी कापला होता. गोठ्यात टाकायला मुरूम लागला तर तो बांधाच्या पायथ्यातूनच उकरून न्यायचे. खाज्याने हटकलं तर म्हणायचे, "तुना बापनं शे का धरन?"

एका तपासणीच्या वेळी खाज्या ओट्याखाली येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, खाले उतरा एकदाव. झिरा वाढी गया."

टेंभेकर हसले. "अरे, ऐंशी वर्षांचं धरण आहे ते. म्हातारं माणूस कण्हणारच."

"म्हतारं कन्हस तवलग बरं," खाज्या म्हणाला. "रगत थुकाले लागनं का मंग?"

साहेबांना ते फार आवडलं. कचेरीत त्यांनी आठवडाभर सगळ्यांना ते वाक्य भिल्लाची नक्कल करून ऐकवलं. खाली मात्र उतरले नाहीत.

१९८८ च्या सप्टेंबरात सलग पाच दिवस पाऊस लागला. बोरझिरी काठोकाठ भरली, सांडव्यावरून हातभर पाणी जाऊ लागलं. गुरुवारी दुपारी खाज्या कचेरीत आला. पूल पाण्याखाली होता म्हणून पिंपळनेरपर्यंत पायी, पुढे एसटीने. गुडघ्यापर्यंत चिखल. त्याच्या हातात काचेच्या दोन बाटल्या होत्या. फडक्यात गुंडाळून त्याने त्या लहान लेकराला आणावं तशा आणल्या होत्या. एकीत स्वच्छ पाणी, दुसरीत चहासारखं.

दुसऱ्या दिवशी वरचे साहेब येणार होते, कचेरीत भिंतींना चुना चालला होता. टेंभेकर वैतागलेले. बाटल्या बघून म्हणाले, "काय आणलंस रे? ताडी?"

सगळे हसले. मीही हसलो. माझं हसणं जरा मोठंच होतं, कारण मी साहेबांच्या टेबलाजवळ उभा होतो.

खाज्या हसू थांबेपर्यंत उभा राहिला. मग त्याने स्वच्छ बाटली पुढे सरकवली. "हाई मांगला महिनानं पानी. झिरानं." मग दुसरी. "हाई आज सकायनं. गढूय येस. धार अंगठाइतली व्हती, आते मनगटइतली व्हयनी."

"पावसात सगळंच पाणी गढूळ होतं," साहेब म्हणाले.

"बसू द्या तिले," खाज्या म्हणाला आणि बाटली टेबलावर ठेवून भिंतीशी जाऊन बसला.

आमचा चहा आला. बिस्किटं आली. अर्ध्या तासाने मी बाटलीकडे बघितलं, तर वरचं पाणी निवळलं होतं आणि तळाशी दोन बोटं गाळ बसला होता. पिवळा. त्या भागात पिवळी माती शेतात कुठेच नाही. शेतं सगळी काळी. पिवळी माती फक्त बांधाच्या आत, गाभ्याला घातलेली.

खाज्या उठून जवळ आला आणि बाटलीच्या बुडावर बोट ठेवून म्हणाला, "हाई वावरनी माटी नही. धरनना पोटनी शे. पानी आतून पोखरी ऱ्हायनं. मोरी उघडाना हुकूम द्या. तलाव उतरावा लागी."

साहेबांचा चेहरा क्षणभर उतरला. त्यांना कळलं होतं, हे मी शपथेवर सांगेन. पण पाणी सोडायचं म्हणजे रब्बीचं पाणी वाया घालवलं म्हणून रुपचंद आबा ओरडणार, आबा ओरडले की आमदार ओरडणार, आणि उद्या वरचे साहेब येणार. ते म्हणाले, "रीतसर अर्ज दे. मी सोमवारी येऊन बघतो."

"सोमवारलग ते थांबी का?"

"अरे, कागदोपत्री धरण उत्तम आहे. जूनमध्येच तपासलंय."

खाज्याने पहिल्यांदा सरळ त्यांच्या तोंडाकडे बघितलं. "कागद पाझरत नही, साहेब," तो म्हणाला, आणि बाटल्या तिथेच ठेवून निघून गेला. त्या रात्री मी घरी व्यवस्थित जेवलो आणि झोपलो.

पुढचं मला नंतर पाड्यावरच्या लोकांनी सांगितलं.

मोरीचं दार वर घ्यायला एक लोखंडी हँडल लागत असे, चार हात लांब. ते चौकीदाराच्या खोलीत असायला हवं. पण खाज्या हुकुमाशिवाय पाणी सोडत नाही म्हणून साहेबांनी दोन वर्षांपूर्वी ते आबांच्या घरी देऊन ठेवलं होतं, सोयीसाठी. आबांनी ते गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून लावलं होतं. तीन गावं आणि एक पाडा ज्यावर अवलंबून, ते हँडल म्हशी बाहेर जाऊ नयेत म्हणून वापरात होतं.

खाज्याची बायको दिवालीबाई त्याच गोठ्यात शेण काढायला जात असे. शुक्रवारी सकाळी तिने शेण काढलं, झाडलोट केली, म्हशींना चारा टाकला, अडसर काढून कडब्याच्या पेंढीत घातला, पेंढी डोक्यावर घेतली आणि आबांच्या समोरून निघून गेली. आबा ओट्यावर दाढी करत होते. "आज कडबा कसाले नेस?" त्यांनी विचारलं. "शेयीले," ती म्हणाली. तिच्याकडे शेळी नव्हती.

मोरीचं दार गंजलं होतं. पाड्यावरच्या आठ गड्यांनी हँडल फिरवलं, तळहात सोलले, तेव्हा दुपारपर्यंत ते वर आलं आणि पाणी धडधडत कालव्यात पडलं. पण तलाव एका मोरीने दोन दिवसांत उतरत नाही. तोवर झरा अडवायचा कसा? खाज्या म्हणाला, अडवायचा नाही. बूच मारलं तर पाणी दुसरीकडून फोडेल. पाणी येऊ द्यायचं, माती येऊ द्यायची नाही. त्याने आधी झऱ्याभोवतीचा ऊस कापायला लावला. मग नदीतली वाळू, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर मोठे दगड, असा थर देत गेला. वाळूने माती धरायची, खडीने वाळू धरायची. बाया-माणसं, म्हातारी-कोतारी, सगळा पाडा दोन दिवस पाट्या वाहत होता. पहिली वाळू वाहून गेली. दुसरीही गेली. दिवालीबाईच्या पायावर दगड पडून दोन बोटं चेचली, ती चिंधी बांधून पुन्हा ओळीत उभी राहिली. काही जण म्हणाले, सामान उचलू आणि टेकडीवर जाऊ. खाज्या म्हणाला, पोरं आणि म्हाताऱ्या जाऊ द्या, बाकीचे थांबा.

शनिवारी आबांना कळलं. ते चार गडी घेऊन आले. कापलेला ऊस बघून त्यांच्या तोंडाला फेस आला. खालच्या तीन गावांना सावध करा, असं खाज्या त्यांना हात जोडून सांगत होता, आणि ते उसाची पेरं मोजत होते. सांगायला ते गेले नाहीत, पोलिसांत गेले. सरकारी हँडल चोरीला गेलं अशी तक्रार द्यायला. हवालदाराने विचारलं, "चोरी कुठून झाली?" आबा म्हणाले, "मना गोठामाईन." हवालदाराने पेन खाली ठेवलं. "सरकारी हँडल तुमच्या गोठ्यात काय करत होतं, आबा?" आबा तसेच परत आले.

रविवारी संध्याकाळी झऱ्याचं पाणी निवळलं. धार तेवढीच, पण काचेसारखी. तलाव चार फूट उतरला होता.

सोमवारी आम्ही गेलो. वरचे साहेब खूश होऊन गेले होते, त्यामुळे टेंभेकर प्रसन्न होते. त्या दिवशी मात्र ते खाली उतरले. आबांनी ऊस दाखवायला उतरवलं. मीही पहिल्यांदा उतरलो. झऱ्याभोवती दगडांचा ढीग, त्यातून स्वच्छ पाणी, आणि भोवती चिखलात झोपलेली माणसं. खरोखर झोपलेली, जिथे बसली तिथे.

"कुठे आहे गढूळ पाणी?" साहेबांनी विचारलं.

खाज्याच्या डोळ्यांत झोप होती. त्याने दगडांकडे बोट केलं. "ते आते नही येवाव. त्यानाकरताच तं करं."

"म्हणजे नाहीच."

"साहेब, बाटली तुमना टेबलवर शे."

बाटली टेबलावर नव्हती. चुना लावणाऱ्याने ती रिकामी करून तिच्यात चुन्यात घालायची नीळ कालवली होती.

खाज्या निलंबित झाला. वरिष्ठांच्या आदेशाशिवाय पाणी सोडणे, शेतकऱ्याच्या उभ्या पिकाचे नुकसान करणे, अफवा पसरवणे. हुकूम मी टाइप केला, तीन प्रतींत, एकही चूक न करता. 'अफवा' हा शब्द साहेबांना सुचत नव्हता, तो मी सुचवला. खाज्याने हुकुमावर अंगठा उमटवला आणि शाईचं बोट आमच्याच दाराला पुसलं.

हँडल आबांच्या गोठ्यात परत गेलं नाही, एवढंच त्यातलं बरं. पण मोरीही बंद झाली नाही. दार वर अडकलं ते खाली येईना, आणि साहेबांनी दुरुस्तीचा कागद पाठवून दिला. त्यामुळे तलाव उतरतच राहिला. यात कोणाची अक्कल नव्हती. गंजाने काम केलं.

पुढच्या मे महिन्यात, पाणी तळाला गेल्यावर, पाण्याच्या अंगाच्या उतारावर मोरीशेजारी एक खड्डा दिसला. दगड आत खचले होते. गुराख्याने वेळू घातला तो पूर्ण आत गेला. आता मात्र झाकण्यासारखं नव्हतं. नाशिककडून एक निवृत्तीला आलेले अभियंता आले, बारीक, चिडखोर, धोतरावर कोट घालणारे. त्यांनी तिथे चर खणायला लावला. मोरीच्या दगडी भिंतीला लागून आत भुयार निघालं. माणूस वाकून आत जाईल एवढं, आणि बांधाच्या जाडीच्या निम्म्याहून अधिक लांब. ते झऱ्याकडून वर पोखरत आलं होतं आणि झऱ्यावर वाळूचा थर पडल्यावर तिथेच थांबलं होतं.

म्हातारे साहेब त्या दगडांच्या ढिगापुढे उकिडवे बसले. त्यांनी वरचे दगड काढले, खडी हातात घेतली, खालची वाळू चोळून बघितली. मग विचारलं, "हे कोणी घातलं?"

टेंभेकर म्हणाले, "आमच्या कार्यालयानेच, सर. तातडीची उपाययोजना म्हणून."

ते एवढ्या सहज म्हणाले की मला आधी कळलंच नाही. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "खाज्याने, सर. इथला चौकीदार. तो निलंबित आहे."

म्हातारे साहेब हातातली वाळू झटकून उठले. मग टेंभेकरांना म्हणाले, "तुम्ही जीपमध्ये बसा." मी खाज्याचं नाव घेतलं, ते नोकरीतलं माझं एकमेव खरं वाक्य, आणि तेही ठरवून नाही.

खाज्याला परत घेतलं. बांधाची दुरुस्ती दोन वर्षं चालली. टेंभेकरांचं काय झालं विचाराल तर, त्यांना बढती मिळाली. म्हातारे साहेब तोवर निवृत्त झाले होते. अंतिम अहवालात 'उपविभागाच्या तत्परतेमुळे संभाव्य दुर्घटना टळली' असं आलं, आणि रुपचंद आबांनी गावात त्यांचा शाल-नारळ देऊन सत्कार केला. आबा भाषणात म्हणाले की त्यांनी स्वतः त्या कामासाठी आपल्या उभ्या उसाचा त्याग केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जे वाहून गेले असते तेच टाळ्या वाजवत होते. धरण फुटलं नव्हतं, म्हणून फुटणार होतं हे कोणाला पटत नव्हतं. खालच्या गावांत अजून सांगतात की एका भिल्लाने दारूच्या नशेत तलाव रिकामा केला होता.

खाज्या १९९३ ला निवृत्त झाला. मी त्याला भेटायला गेलो तो त्यानंतर तीन वर्षांनी, माझी बदली परत जळगावला झाली तेव्हा. पाड्यावर तो बाजेवर बसून दोर वळत होता. दिवालीबाईने घोंगडी टाकली. मी पुष्कळ तयारी करून गेलो होतो. म्हणालो, "बाबा, निलंबनाचा हुकूम मी टाइप केला होता."

"माहीत शे."

"अफवा हा शब्द माझा होता."

त्याने दोराला पीळ दिला. "माले वाचता येत नही. त्यामा कोनता शबद कोना, ते माले काय?"

"त्या दिवशी मी हसलोही होतो. मला माफ करा."

दिवालीबाई चुलीपाशी होती, ती तिथूनच म्हणाली, "हसनात ते हसनात. आते आठे रडू नका."

खाज्याने माझ्याकडे बघितलं. चांगल्या डोळ्याने. मग म्हणाला, "भाऊसाहेब, तुम्हना साहेब मूरख व्हता. रुपचंद चोट्टा व्हता. त्यास्ना माले राग नही. तुमले समजे. बाटलीमान्ही माटी बसनी ती तुम्ही देखी. मी भिंतजोडे बशीसन तुमना डोयासकडे देखत व्हतो." तो थांबला. "तुम्ही बिस्कुट खादं."

त्याने मला जा म्हटलं नाही, बस म्हटलं नाही. दिवालीबाईने नागलीची भाकरी आणि मिरचीची चटणी पुढे ठेवली. मी खाल्ली, कारण न खाणं आणखी वाईट दिसलं असतं. खाज्या दोर वळत राहिला आणि पुढे तिच्याशीच बोलला, कोणाच्या तरी बैलाबद्दल.

त्याच वर्षी पौषात तो वारला. मातीला आमच्या खात्यातून कोणीही गेलं नाही. मला बातमी पंधरा दिवसांनी लागली.